फोंडा तालुक्यातील एका पाव-भट्टीचे धुराडे : निदान आणि पुनर्बांधणी

16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले आणि पुढचे दोन-तीन आठवडे जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करणाऱ्या आम्हा लोकांना उसंत मिळाली नाही. कौले उडालेली, माड आढ्यावर कोसळलेले, आणि मृगाचा पाऊस उंबरठ्यावर. त्या गडबडीत फोंडा तालुक्यातील एका गावातून पाव-भट्टीच्या मालकांचा निरोप आला की भट्टीवरचे विटांचे धुराडे एका बाजूला कलले आहे, वरच्या भागात आडवी भेग पडली आहे आणि धूर वर जाण्याऐवजी माळ्यावर भरू लागला आहे. हे धुराडे मला अनोळखी नव्हते. 2014 साली त्याच्या दरजा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या बाहेरच्या फटी, मीच भरल्या होत्या, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे या दुखण्यात त्या दुरुस्तीचा वाटा लहान नव्हता.

भट्टी जुन्या पद्धतीची आहे. चिऱ्याच्या जाड भिंती, आत घुमटाकार छत, समोर एकच तोंड. लाकडे आतच जाळायची, निखारे बाजूला ओढायचे आणि तापलेल्या जमिनीवर उंडे, पोळ्या, कातरे असे पावाचे प्रकार भाजायचे. धूर तोंडातूनच बाहेर येतो, तोंडावरच्या विटांच्या छत्रीत गोळा होतो आणि तेथून धुराड्यात शिरतो. छत्रीपासून कौलांपर्यंत धुराड्याची उंची 3.4 मीटर आहे. कौलांच्या वर ते मुळात विटांचे 27 थर, म्हणजे साधारण 2.3 मीटर चढवलेले होते. विटा नऊ इंची, भिंत अर्ध्या विटेची. बाहेरून प्रत्येक बाजू अडीच विटा म्हणजे 575 मिलिमीटर आणि आतली धुराची वाट दीड वीट म्हणजे 345 मिलिमीटर चौरस. मूळ बांधकाम पूर्णपणे चुन्यात होते. 2009 साली शेजारच्या घरात धूर जातो या तक्रारीवरून त्यावर आणखी नऊ थर सिमेंटमध्ये चढवले गेले आणि कौलांवरची उंची 3.06 मीटर झाली. ते काम कोणी केले याला येथे महत्त्व नाही. त्या वेळी मला विचारले असते तर मीही तेच केले असते.

पाहणीच्या दिवशी शिडी लावण्यापूर्वी आम्ही खालूनच चारही बाजूंनी ओळंबा धरला. कौलांच्या खालचा भाग ओळंब्यात होता, म्हणजे पाया खचलेला नव्हता. कल सुरू होत होता तो कौलांच्या सांध्यापासून, आणि माथा ईशान्येकडे 60 मिलिमीटर झुकला होता. दुसरी, अधिक भीतिदायक गोष्ट म्हणजे जुने 27 थर आणि नवे नऊ थर यांच्या सीमेवर गेलेली सलग आडवी भेग. तिच्यात गवंड्याने थापीचे पाते घातले तर ते मुठीपर्यंत आत जात होते. विजेचा आघात झाला असेल का, हेही पाहिले. वळवाच्या विजा फोंड्याकडे नवीन नाहीत. पण फुटलेल्या विटांवर वितळल्याच्या किंवा करपल्याच्या खुणा नव्हत्या.

धुराडे का कलते याची कारणे पुस्तकात शोधायला गेले तर कोळसा जाळणाऱ्या थंड देशांतले एक कारण पहिल्यांदा हाती लागते. कोळशातल्या गंधकापासून तयार झालेली सल्फेटे ओल्या बाजूच्या सिमेंटमध्ये शिरतात, तेथील सांधे फुगतात, ओली बाजू उंच होते आणि धुराडे कोरड्या बाजूकडे झुकते. आमचे धुराडेही पावसाची बाजू सोडून उलट दिशेला झुकलेले असल्यामुळे हे निदान ओठांवर आलेच होते. पण येथे जळतात काजू, आंबा आणि अकेशियाची लाकडे, आणि लाकडात गंधक फार थोडे असते. शिवाय पावसाच्या बाजूचे सांधे मोजले तर त्यांची जाडी वाढलेली नव्हती. उलट, ईशान्येकडचे सांधे कमी झालेले होते. जेथे 10 मिलिमीटर चुना असायला हवा तेथे कोठे सात, कोठे सहा मिलिमीटर उरला होता आणि तोही नखाने उकरता येत होता. एक बाजू चढली नव्हती. दुसरी खाली बसली होती.

येथे 2014 ची माझी दुरुस्ती आडवी येते. मालकांकडे त्या वर्षी चारही बाजूंचे पैसे नव्हते, म्हणून पाऊस झोडपतो त्या दक्षिण आणि पश्चिम बाजूंच्याच दरजा आम्ही वीस-पंचवीस मिलिमीटर खरवडून एकास चार प्रमाणाच्या सिमेंटने भरल्या होत्या. मुद्दाम घट्ट माल वापरला, कारण पाऊस अडवायचा होता. एकास चारचा सिमेंट-माल साधारण साडेसात न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाब सोसतो. गावठी भट्टीतल्या जुन्या विटा बहुधा तेवढे सोसत नाहीत, आणि चुना तर त्याहून कितीतरी मऊ. परिणाम असा की दोन बाजूंना भार बाहेरच्या कडक पट्टीवर आला आणि तेथील विटांच्या कडा पापुद्र्यासारख्या सुटल्या, तर उरलेल्या दोन बाजूंना आतला ओलावा चुना खात राहिला. पाणी आत येण्याचे दार वर उघडेच होते. 2009 च्या सिमेंटच्या माथ्यावर केसाएवढ्या भेगा होत्या, आणि त्यातून शिरलेले पाणी बाहेरच्या कडक दरजांमुळे वाळू शकत नव्हते. ते आतल्या बाजूने खाली झिरपत होते. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात भिंतीला श्वास घेऊ न देता पाऊस अडवण्याचा हा हट्ट किती महागात पडतो, ते मी तेथे हाताने उकरून पाहिले.

पाणी फक्त आकाशातून येत नव्हते, हेही सांगायला हवे, कारण मालकांना ते शेवटपर्यंत पटत नव्हते. कोरड्या लाकडात वजनाने सुमारे सहा टक्के हायड्रोजन असतो, आणि जळताना त्याचे पाणी होते. एक किलो अगदी कोरडे लाकूड जाळले तरी अर्ध्या किलोहून अधिक पाण्याची वाफ निघते. लाकडातला ओलावा वेगळाच. धुराड्याच्या भिंती गरम असल्या तर ही वाफ बिनबोभाट बाहेर पडते. भिंती ओल्या आणि थंड असल्या तर ती आतच घाम धरते, त्यात आम्ल आणि काजळी मिसळते आणि काळा, चिकट, डांबरासारखा थर चढतो. हा थर पेटला तर धुराड्यातले तापमान 1000 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. आमच्या धुराड्यात छत्रीच्या वर मीटरभर हा थर बोटभर जाडीचा होता. आणि कौलांच्या सांध्याजवळ, भिंतीतच टेकवलेल्या एका वाशाचे टोक कोळशासारखे काळे पडलेले निघाले. आग लागली नाही, हे नशीब. लाकूड अनेक वर्षे मंद तापत राहिले की ते पेटण्यासाठी लागणारी उष्णता कमी कमी होत जाते. म्हणून धुराडे आणि लाकूड यांच्यात निदान दोन इंच मोकळी जागा ठेवतात. येथे ती शून्य होती.

पहिला टप्पा : पावसाआधीचे आठ दिवस

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येणार होता आणि भट्टी बंद ठेवणे शक्य नव्हते, कारण पहाटे पाववाल्याच्या सायकलचा भोंगा वाजला नाही तर चार वाड्यांचा नाश्ता अडतो. म्हणून तातडीने एवढेच ठरवले की वरचे नऊ थर उतरवायचे. यावर मालकांचा विरोध झाला. उंची कमी केली तर धूर आणखी कोंडेल, ही त्यांची भीती होती. ‘उंच केल्यार धूर बरो वता, बाब,’ असे ते कोकणीत पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि तत्त्वतः त्यांचे म्हणणे चूक नव्हते.

धुराची ओढ दोन गोष्टींवर अवलंबून असते : धुराड्याची उंची, आणि आतला धूर बाहेरच्या हवेपेक्षा किती गरम आहे. बाहेर 30 अंश आणि धुराड्यात सरासरी 150 अंश असतील, तर दर मीटर उंचीला साधारण 3.2 पास्कल एवढी ओढ मिळते. साडेसहा मीटरच्या धुराड्याला 21 पास्कल, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर पाण्याच्या दाबाएवढी. एवढ्या नाजूक फरकावर सगळा खेळ चालतो. तोच धूर 90 अंशांपर्यंत थंड झाला की त्याच उंचीला ओढ 12 पास्कलवर येते. वादळानंतर आम्ही थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, आत सोडून मोजले तेव्हा सरासरी 90 अंशच भरले होते, कारण भेगांतून थंड हवा आत ओढली जात होती आणि ओल्या विटा उष्णता पीत होत्या. म्हणजे नऊ थर काढून उंची 5.7 मीटर केली तर ओढ 12 टक्क्यांनी घटणार होती, पण भेगा आणि ओलावा यांनी ती आधीच 40 टक्क्यांहून अधिक घटवली होती. मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. मालक कागदाकडे न पाहता धुराड्याकडे पाहत राहिले आणि शेवटी वाऱ्याच्या मुद्द्यावर तयार झाले.

तो मुद्दा असा. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात, आयएस 875 च्या तिसऱ्या भागात, पणजीसाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 912 न्यूटन होतो. त्यावर आकाराचा गुणक 1.3 घेऊन आणि विटकामाचे वजन घनमीटरला 1900 किलो धरून हिशेब केला, तर 3.06 मीटर उंचीचे हे धुराडे उलथण्याविरुद्ध जेमतेम 1.09 पट सुरक्षित होते, तेही सांधे धड आहेत असे मानून. 2.3 मीटरला तोच आकडा 1.45 होतो. ब्रिटनमध्ये कौलांवरच्या विटांच्या धुराड्याची उंची त्याच्या कमीत कमी रुंदीच्या साडेचार पटींपेक्षा अधिक नसावी असा नियम आहे; 575 मिलिमीटरला तो 2.59 मीटर देतो. जुन्या गवंड्याने 27 थरांवर हात थांबवला तो या मर्यादेच्या आत होता. त्याला आकडा ठाऊक असण्याची गरज नव्हती.

नऊ थर वरून एकेक वीट सुटी करून, बादलीतून उतरवले. त्यातली एकही वीट खाली टाकली नाही, कारण खाली छत्रीचा चुनाही कच्चा होता. माथ्यावर चार विटांच्या पायांवर फरशी ठेवून तात्पुरती टोपी केली, भेगांत चुना आणि चिकणमातीचा लेप भरला, आणि चार कोपऱ्यांना लाकडी पट्ट्या धरून धुराडे दोऱ्यांनी छपराच्या पाट्यांना आवळले. वाशाचे काळे टोक कापून दोन इंच मागे घेतले.

त्या पावसाळ्यात न ठरवता एक प्रयोगच घडला. जुलैमध्ये, भर पावसात, धुराड्यातले सरासरी तापमान 130 अंश भरले, 5.7 मीटरला ओढ 16 पास्कलच्या पुढे. उंच आणि फुटक्या धुराड्यापेक्षा आखूड आणि बुजवलेले धुराडे अधिक ओढत होते. माळ्यावरचा धूर थांबला. मालकांनी हे मान्य केले, पण श्रेय टोपीला दिले. टोपीचा वाटा होताच.

दुसरा टप्पा : पुनर्बांधणी

मुख्य काम नाताळ आणि नववर्षाची गर्दी ओसरल्यावर, जानेवारी 2022 मध्ये घेतले. भट्टी अकरा दिवस बंद राहिली. चुन्याची तयारी मात्र पावसाळा संपताच सुरू केली होती, कारण शिंपल्यांचा कळीचा चुना विरवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरवल्याशिवाय त्याला लोण्यासारखा मऊपणा येत नाही, आणि न विरलेले खडे राहिले तर ते भिंतीत जाऊन फुगतात. हल्ली बाजारात पिशवीतली चुन्याची भुकटी मिळते आणि कामगारांना तीच सोयीची वाटते. घर रंगवायला ती ठीक आहे. सुरखी आम्ही फुटक्या कौलांची आणि उतरवलेल्या विटांची दळून घेतली. चुना एक भाग, सुरखी एक भाग, वाळू दोन भाग. सुरखीमुळे चुना ओल्या जागीही धरतो. नुसता चुना हवेतून घट्ट होतो आणि ओल असेल तर वर्षानुवर्षे मऊ राहतो. वाळू नदीची, गोड्या पाण्यात दोनदा धुतलेली. खाऱ्या पाण्याची वाळू वापरली असती तर दोन वर्षांत विटांवर खार फुटला असता.

विटा निवडण्यात दोन दिवस गेले आणि ते वाया गेले नाहीत. जुन्या विटांपैकी ज्या दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत वाजल्या त्या ठेवल्या, ज्यांचा आवाज बद्द आला त्या सुरखीला पाठवल्या. उरलेल्यांतून काही विटा वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवल्या. आयएस 1077 या विटांच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या विटेने स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये. जुन्या विटांपैकी बऱ्याच 24 टक्क्यांपर्यंत पीत होत्या. अशा विटा आम्ही कौलांच्या खाली वापरल्या आणि पावसात उघड्या राहणाऱ्या थरांसाठी नव्या, चांगल्या भाजलेल्या विटा आणल्या. रंग थोडा वेगळा दिसतो. मालकांच्या आईंना तो अजून आवडलेला नाही.

किती खालपर्यंत उतरवायचे हा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही. आम्ही प्रत्येक थराच्या सांध्यात खिळा रोवत खाली आलो, आणि कौलांच्या खाली चौथ्या थराला तो खिळा अडकला; तेथे थांबलो. काढताना एका थरात बसवलेला जुना लोखंडी पट्टा सापडला, जो कोणीतरी धुराडे आवळण्यासाठी घातला असावा. गंजून तो मूळ जाडीच्या दुपटीहून अधिक फुगला होता आणि त्यानेच वरची वीट उचलली होती. नव्या कामात लोखंड कोठेही ठेवले नाही.

बांधताना विटा रात्रभर भिजवून घेतल्या, दिवसाला सहा थरांपेक्षा अधिक चढवले नाही, आणि प्रत्येक तिसऱ्या थराला ओळंबा व पाणसळ धरली. घाई करण्याचा मोह फार होतो, कारण अर्ध्या विटेचे चौकोनी धुराडे एक चांगला गवंडी एका दिवसात डोक्याएवढे बांधू शकतो. पण ओला चुना वरच्या थरांच्या वजनाने पिळला जातो आणि तेथेच पुढचा कल जन्माला येतो. आतल्या बाजूला चुना आणि चाळलेले शेण यांचा गुळगुळीत गिलावा केला. शेणातल्या काड्यांमुळे हा गिलावा तापण्या-निवण्यात तडकत नाही; जुन्या धुराड्यांत तो जगात अनेक ठिकाणी सापडतो. स्टीलचा नळ आत सोडण्याचा पर्याय आम्ही विचारात घेऊन सोडून दिला, कारण 300 मिलिमीटरच्या गोल नळाचे क्षेत्रफळ या चौकोनी वाटेच्या साठ टक्क्यांएवढेच भरते आणि उघड्या तोंडाच्या भट्टीला एवढी अरुंद वाट पुरेल याची मला खात्री नव्हती.

कौलांचा सांधा ही सगळ्या धुराड्यांची दुबळी जागा आहे. पूर्वी तेथे सिमेंटची जाड गोलाई होती. छप्पर वाऱ्याने हलते, धुराडे हलत नाही. मग ती गोलाई दर वर्षी फाटते आणि दर वर्षी तिच्यावर काळे डांबर फासले जाते. आम्ही तेथे तांब्याचा पत्रा दोन भागांत बसवला. खालचा भाग कौलांबरोबर हलतो; वरचा भाग विटांच्या सांध्यात 25 मिलिमीटर आत धरलेला आहे आणि खालच्यावर नुसता पडतो. दोघांना जोडलेले नाही, हेच त्याचे सामर्थ्य. आढ्याकडच्या बाजूला, जेथे पाणी धुराड्यावर येऊन थबकते, तेथे पाणी दोन्हीकडे वळावे म्हणून पत्र्याचीच लहान पाठ उचलली. ॲल्युमिनियम स्वस्त पडला असता, पण ओला चुना त्याला खातो.

माथ्यावर शेवटचे दोन थर थोडे बाहेर काढले आणि त्यावर काँक्रीटची फरशी बसवली. ती भिंतीबाहेर 50 मिलिमीटर येते आणि तिच्या खाली पाणी तुटण्यासाठी खाच आहे, म्हणजे पाणी फरशीखालून परत भिंतीवर येत नाही. टोपीचे पाय 300 मिलिमीटर उंच ठेवले. चारही बाजूंची उघडी जागा मिळून धुराच्या वाटेच्या दुपटीहून कमी होऊ नये, हा ठोकताळा. बहुतेक धुराड्यांवरच्या टोप्या दिसायला नीटस आणि धुराला गळफास असतात.

काम झाल्यावर वीस दिवस ओली गोणपाटे गुंडाळून ठेवली, आणि भट्टी सुरू झाली तरी पहिला आठवडा निम्मीच लाकडे जाळायची असे ठरले. हे मालकांनी पाच दिवस पाळले. मार्चमध्ये मोजले तेव्हा सरासरी तापमान 150 अंश होते आणि ओढ साडेअठरा पास्कलच्या आसपास भरत होती.

नंतरचे

2022 आणि 2023 चे पावसाळे धुराड्याने पाहिले. ओळंबा सरळ आहे; चारही बाजूंना खुणेचे तांबडे ठिपके दिले आहेत आणि दर वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मोजले जातात. 2022 च्या जुलैमध्ये माळ्यावर ओल दिसल्याचा फोन आला, तेव्हा आढ्याकडच्या पत्र्यावर शेजारच्या फणसाची पाने साचून पाणी उलटे चढत होते. पाने काढली, आता मालकांचा मुलगा पावसाआधी आणि गणेशचतुर्थीच्या सुमारास ती काढतो. कौलांखालच्या त्या चौथ्या थरापासून खालचे जुने थर आम्ही हात न लावता ठेवले आहेत, आणि त्यातील ईशान्येकडचे सांधे मला पूर्ण समाधानकारक वाटत नाहीत. भट्टीची छत्री उतरवायची वेळ येईल तेव्हा तेही उतरवावे लागतील.

2009 मध्ये ज्या तक्रारीवरून हे सगळे सुरू झाले ती मात्र आजही पूर्ण मिटलेली नाही. शेजारच्या काकींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पहाटेच्या पहिल्या तासात काजळी पडते, आणि तिचे कारण धुराड्याची उंची नसून ओली लाकडे हे आहे. लाकडे रचायला भट्टीमागे कौलारू छपरी उभारण्याचा अंदाज मी दिला आहे. तो मालकांच्या हिशेबाच्या वहीत आहे.